बाराच्या बारा फ्रेम्स दाखवा

डायान आर्बसनं १९६२ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काढलेला एक फोटो फोटोग्राफीची आवड असणाऱ्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. हाडकुळा मुलगा, आखूड चड्डी, खांद्यावरून घसरलेला एक पट्टा. एका हातात खेळण्यातला हातबॉम्ब, दुसऱ्या हाताची बोटं आकडी आल्यासारखी वळलेली, चेहरा वेडावाकडा. या मुलाकडे लोक साठ वर्षं अस्वस्थ होऊन बघत आले आहेत. अमेरिकेच्या पोटातली हिंसा, युद्धाची छाया, बालपणाचा शेवट असं बरंच काही त्यात वाचलं गेलं. पुढे त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम्स क्रमानं दाखवणारा एकच कागद, प्रसिद्ध झाली. तिच्यात शेजारच्या फ्रेम्समध्ये तोच मुलगा कमरेवर हात ठेवून उभा आहे, हसतो आहे, फोटोसाठी ऐटीत बघतो आहे. कुणाच्याही घरातला मुलगा असावा तसा.

ती शीट पाहिल्यावर मूळ फोटोचं मोल कमी होतं असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. एकटा फोटो बघताना आपल्याला फक्त मुलगा दिसत होता. शीटवर मुलाबरोबर आर्बसही दिसते. ती त्याच्याभोवती फिरते आहे, वेगवेगळ्या बाजूंनी बघते आहे, तो कंटाळेपर्यंत थांबते आहे, आणि नंतर घरी टेबलाशी बसून हसऱ्या मुलांच्या रांगेतून एक चिडलेला मुलगा उचलते आहे. त्या मुलावर अन्याय झाला का, हा प्रश्नही तिथेच पहिल्यांदा नीट विचारता येतो, कारण कशातून काय निवडलं हे समोर असतं. एकट्या फोटोवर आपण मतं देतो. शीटवर बोलणं सुरू होतं.

मीडियम फॉरमॅटवर काम करणाऱ्या हौशी मंडळींनी एकमेकांना सुटा, निवडक फोटो दाखवणं कमी करावं आणि पूर्ण रोल दाखवावा, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं, फसलेल्या फ्रेम्ससकट. एवढंच मला सांगायचं आहे. हे म्हणणं साधं वाटेल, पण आज आपण एकमेकांना फोटो ज्या रीतीनं दाखवतो आणि त्यावर जे बोलतो, त्याच्या अगदी विरुद्ध दिशेला ते जातं.

हे मीडियम फॉरमॅटबद्दलच का म्हणायचं, तर त्याचं उत्तर रोलच्या मापातच आहे. कोडॅकनं १९०१ मध्ये बाजारात आणलेली १२० नंबरची फिल्म आजही त्याच मापाची मिळते, सुमारे ६१ मिलिमीटर रुंद, पाठीला काळा कागद लावलेली. त्यावर चौरस फोटो काढले तर बारा बसतात. प्रत्येक फ्रेम साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमच्या साडेतीनपटीहून थोडी मोठी. तीन-तीन फ्रेम्सच्या चार पट्ट्या कापल्या की त्या आठ बाय दहा इंचाच्या एका कागदावर व्यवस्थित बसतात. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वर काच, वरून उजेड, आणि कागद धुतला की पूर्ण रोल समोर. ३५ मिलिमीटरच्या छत्तीस फ्रेम्सही तेवढ्याच कागदावर कशाबशा मावतात, पण प्रत्येक चित्र टपाल तिकिटाएवढं असतं. भिंगाशिवाय चेहरा ओळखू येत नाही, आणि भिंगातून एका वेळी एकालाच बघता येतं. चौरस फ्रेम्सची ही शीट मात्र चार जणांनी टेबलाभोवती उभं राहून नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. बारा हा आकडाही डोक्यात मावणारा आहे. छत्तीसांत आपण हरवतो आणि चारशे डिजिटल फायलींत तर कुणीच क्रमानं बघत नाही. बारा फ्रेम्सची मात्र सुरुवात, मध्य आणि शेवट लक्षात राहतो.

आपल्याकडे ही गोष्ट एके काळी घरोघर घडत होती, फक्त तिला कुणी चर्चा म्हटलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी मध्यमवर्गीय घरात जो कॅमेरा असायचा तो बहुधा आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० चाच रोल बसायचा, बाराच फोटो निघायचे. रोल भरायला कधी वर्ष लागे. गणपतीचे दोन, मुंजीचे चार, सहलीचे तीन, उरलेले वाढदिवसाला. स्टुडिओवाला निगेटिव्हच्याच मापाचे, पांढऱ्या कडांचे छोटे चौकोनी फोटो करून द्यायचा. पाकीट घरी आलं की सगळेच फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरत. हललेला, डोळे मिटलेला, मामाचं डोकं कापलेला फोटोही फिरे आणि त्यावरच सर्वांत जास्त बोलणं होई. कुणी कुठे उभं होतं, ऊन कुठून होतं, आजी फोटो काढताना कशाला रागावली होती, हे सगळं त्या फसलेल्या फोटोंतून बाहेर येई. निवडलेला एकच फोटो अल्बममध्ये गेला असता तर यातलं काहीही उरलं नसतं. फोटो वाचण्याची ही घरगुती सवय आपल्याला होती, हे मी मुद्दाम सांगतो, कारण कॉन्टॅक्ट शीट हा परदेशी कलावंतांचा शौक आहे असा एक समज दिसतो.

आता आज काय होतं ते पाहू. रोल्स भरायला पुन्हा सुरुवात झाली आहे. पंचविशीतली मुलंमुली आजोबांची यशिका दुरुस्त करून घेत आहेत, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुने रोलीकॉर्ड आणि मामिया शोधत फिरत आहेत. मला याचा फार आनंद आहे. रोलची किंमत, धुलाई आणि स्कॅन धरलं तर रंगीत फिल्मवरची एकेक फ्रेम आज शंभर रुपयांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. एवढा पैसा, लाइट मीटरनं मोजमाप, कमरेशी धरलेल्या ग्राउंड ग्लासवर उजवं-डावं उलटलेलं चित्र बघत केलेली रचना, आठवडाभर धुलाईची वाट. आणि मग त्या बारांतला एक फोटो फोनवर पाठवला जातो. समोरचा तो दोन सेकंद बघतो आणि विचारतो, कुठली लेन्स?

हा प्रश्न येतो याचा दोष विचारणाऱ्याला देऊन उपयोग नाही. फोनच्या पडद्यावर दुसरं काही विचारण्यासारखं उरतच नाही. हिशोब करून बघा. ५६ मिलिमीटरची निगेटिव्ह साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर इंचाला २४०० ठिपके या दरानं स्कॅन केली तरी एका बाजूला सुमारे ५३०० पिक्सेल मिळतात, म्हणजे एकूण दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. फोनवर दाखवताना ते चित्र बाजूला १०८० पिक्सेलवर येतं. चोवीस भागांतले तेवीस भाग गळून पडतात. मोठ्या निगेटिव्हमध्ये ज्या गोष्टीसाठी माणूस जीव टाकतो ती म्हणजे गालावरून कानाकडे जाताना उजेडाचा हळूहळू बदलणारा पोत, काळ्या साडीतल्या काळ्या रंगाच्या चार छटा, मागच्या भिंतीवरचा पोपडा. तेच सगळं गळतं. मागचं धूसर होणं तेवढं उरतं, कारण ते छोट्या पडद्यावरही कळतं. म्हणून बोलणं त्या धूसरपणावर, लेन्सच्या नावावर, फिल्मच्या रंगावर जातं. ‘पोर्ट्रा ४००, ८० मिलिमीटर, एफ २.८’ हे फोटोखालचं वर्णन वाचून फोटोतला माणूस कोण आहे हे विचारायला आपण विसरतो. यंत्राबद्दल बोलणं वाईट नाही. फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ मध्ये ब्राउनश्वाइगला रोलीफ्लेक्स बनवला तेव्हापासून या यंत्रांवर प्रेम करणारी माणसं आहेत, मीही त्यांतलाच एक आहे. पण यंत्राबद्दलचं बोलणं फोटोबद्दलच्या बोलण्याची जागा घेऊ लागलं की दोघांचंही नुकसान होतं. फोटो काढणाऱ्याला आपण काय पाहिलं हे कधीच कळत नाही, आणि ऐकणारा नवखा माणूस लेन्स घ्यायला निघतो.

यावर कुणी म्हणेल, पूर्वीचे कॅमेरा क्लब होते की, तिथे प्रिंट बघूनच चर्चा व्हायची. व्हायची, आणि त्या परंपरेचा मला आदर आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन पंधरा वर्षंच झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले कर्ते फोटोग्राफर. सभेत प्रिंट मांडायच्या, रसायनांवर बोलायचं, चुका सांगायच्या, असा तो व्यवहार होता. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याहूनही सुंदर प्रथा सुरू झाली. टपालानं फिरणारे पोर्टफोलिओ. एक पेटी एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येकानं तिच्यात आपली एक प्रिंट घालायची, बाकीच्यांच्या प्रिंट घरी निवांत बघायच्या आणि प्रत्येकीवर लिहून मत द्यायचं. पेटी फिरून पुन्हा आपल्या दारी आली की आपल्या फोटोवरची सगळ्यांची मतं एकत्र वाचायला मिळत. लिहायचं म्हटलं की माणसाला थांबून बघावंच लागतं. हौशी फोटोग्राफरांच्या जगात याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

पण क्लबांची दुसरी वाटही होती आणि आपल्याकडे तीच रुंद झाली. ती वाट सलोनची. स्पर्धेला प्रिंट पाठवायची, परीक्षक गुण देणार, ठरावीक गुणांच्या वर असेल तर ‘स्वीकृत’, आणि स्वीकृतींची बेरीज करून नावापुढे लावायच्या उपाध्या. या पद्धतीनं अनेकांना तांत्रिक शिस्त लावली हे नाकारता येत नाही. डार्करूममध्ये उत्तम प्रिंट काढणारी एक पिढी त्यातूनच तयार झाली. तरीही परीक्षकाचा आकडा ही चर्चा होऊ शकत नाही. आकड्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. शिवाय परीक्षकाला काही सेकंदांत शेकडो फोटो बघायचे असतात, म्हणून जे पटकन कळतं तेच जिंकतं: तिरप्या उन्हातली धूळ, सुरकुत्यांचा म्हातारा, एक तृतीयांशाच्या रेघेवर बसवलेली होडी. चौरस फ्रेमची तर यात फारच कुचंबणा झाली. चौरसात माणूस बरोबर मधोमध उभा राहू शकतो, चारी बाजू सारख्या वजनाच्या असतात, नजरेला कुठेही ढकललं जात नाही. आर्बसचे फोटो बघा, मधोमधच आहेत. सलोनच्या नियमांत हे दोष ठरतं. कितीतरी हौशी माणसांनी चांगले चौरस फोटो कापून आडवे केले आणि नियमात बसवले. त्यांच्या निगेटिव्ह आज कुणी काढून पाहिल्या तर मूळ चौकटीत किती काही होतं हे दिसेल.

तेव्हा सुटा फोटो फोनवर असो की सलोनच्या भिंतीवर, त्याच्याबरोबर निकाल येतो. आवडला, नाही आवडला, बावीस गुण, हृदयाचं चिन्ह. पूर्ण रोलला निकाल देताच येत नाही. बारा फ्रेम्सची सरासरी कोण काढणार? बघणाऱ्याला विचारावंच लागतं की तिसऱ्या फ्रेमनंतर तू डावीकडे का सरकलास, सहावी आणि सातवी इतकी सारखी का, आठवीत एकदम जवळ कसा गेलास.

याचं सर्वांत मोठं सार्वजनिक उदाहरण पृथ्वीवर घेतलेलंच नाही. अपोलो मोहिमांतले अंतराळवीर हासेलब्लाड कॅमेरे घेऊन गेले होते, ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म भरलेले. अपोलो ११ च्या चंद्रावरच्या चालण्यात कॅमेरा छातीवर बसवलेला होता. डोळा लावून बघायची सोय नव्हती, शरीर वळवून नेम धरायचा. बझ ऑल्ड्रिनचा जो फोटो जगभर गेला, शिरस्त्राणाच्या काचेत आर्मस्ट्राँगचं प्रतिबिंब असलेला, तो आपण छापलेला पाहतो तेव्हा डोक्यावर भरपूर काळं आकाश असतं. मूळ फ्रेममध्ये ते आकाश नाही. मूळ फ्रेम तिरकी आहे आणि ऑल्ड्रिनच्या डोक्याच्या वर लगेच संपते. नीटनेटकं दिसावं म्हणून काळा पट्टा नंतर जोडला गेला. हे आपल्याला कळलं कारण पूर्ण रोल्स खुले झाले. २०१५ मध्ये अपोलो मोहिमांचे आठ हजारांहून अधिक फोटो मोठ्या आकारात सर्वांसाठी उपलब्ध झाले, त्यांत धूसर, हललेले, नुसत्या काळोखाचे, चुकून बूट आलेले फोटोही होते. ते क्रमानं बघताना जे कळतं ते त्या एका प्रसिद्ध फोटोतून कधी कळलं नसतं. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता, म्हणून चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे त्या फिल्मवर अगदी थोडे फोटो आहेत. कुणीतरी गोलाकार फिरत एकामागून एक फ्रेम्स घेतल्या आहेत, घाईत आणि नेमून दिलेलं काम पार पाडत. मानवजातीच्या महान क्षणापेक्षा मला त्या रोलमधली ती दोन काम करणारी माणसं जास्त जवळची वाटतात.

दुसरं उदाहरण अगदी छोट्या आकाराचं आहे. दयानिता सिंग या आपल्याकडच्या महत्त्वाच्या छायाचित्रकार. चौरस हासेलब्लाड ही त्यांची कितीतरी वर्षांची ओळख, आणि २०२२ मध्ये त्यांना हासेलब्लाड पुरस्कारही मिळाला. मित्रमैत्रिणींबरोबर प्रवास केला की त्या प्रवासातल्या कॉन्टॅक्ट प्रिंट्स घडीच्या वहीत चिकटवून त्या छोट्या पुस्तिका करत आणि त्या व्यक्तीला पाठवत. एक प्रत तिच्यासाठी, एक स्वतःसाठी. त्यातून २००८ मध्ये ‘सेंट अ लेटर’ हा सात पुस्तिकांचा संच प्रसिद्ध झाला. अलाहाबाद, मुंबई, कोलकाता, वाराणसी अशा एकेका ठिकाणची एकेक पुस्तिका, आणि एक त्यांच्या आईनं, नोनी सिंग यांनी काढलेल्या फोटोंची. फोटो कुणाला दाखवायचा हे आधी ठरवून मग तो मांडायचा, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते. पत्र लिहिताना आपण जगाला उद्देशून लिहीत नाही. एकाला लिहितो, आणि म्हणून खरं लिहितो. निगेटिव्हच्या मापाची प्रिंट तळहातावर मावते, वही घडी उघडत पुढे जाते, एका फोटोनंतर दुसरा येतो. कुठलाच एकटा फोटो मोठ्यानं बोलत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप, आणि त्यांतले दोन खरोखर जड आहेत.

पहिला असा, की निवड हाच तर कलावंताचा हक्क. हांरी कार्तिए-ब्रेसाँनं दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या निगेटिव्ह कापून नको त्या टाकून दिल्या होत्या. कच्चं काम दाखवणं त्याला मान्य नव्हतं. कवी खोडलेल्या ओळी छापत नाही, मग फोटोग्राफरनं खोडलेल्या फ्रेम्स का दाखवाव्यात? मला हा आक्षेप जगापुरता मान्य आहे. प्रदर्शनात, पुस्तकात, मासिकात निवडलेलाच फोटो जावा. पण मी बोलतो आहे ते समानधर्मी मंडळींच्या आपसातल्या बोलण्याबद्दल. कवीही आपल्या मित्राला वही वाचायला देतो, खाडाखोडीसकट. तिथेच त्याला कळतं की जी ओळ त्यानं खोडली तीच खरी होती. फोटोग्राफरला तर या मदतीची जास्त गरज असते, कारण फोटो काढताना त्यानं जे अनुभवलं ते त्याच्या मनात फोटोला चिकटलेलं असतं. पहाटे चारला उठून डोंगर चढून काढलेला फोटो त्याला सुंदरच वाटतो. डोंगर न चढलेल्या माणसाला शेजारची फ्रेम चांगली दिसते, आणि बरेचदा तो बरोबर असतो.

व्हिव्हियन मायर आठवावी. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी ही बाई वर्षानुवर्षं रोलीफ्लेक्स गळ्यात घालून रस्त्यावर फोटो काढत राहिली. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह. त्या मानानं प्रिंट फार थोड्या काढल्या, शेकडो रोल तर धुतलेही नाहीत. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते पहिल्यांदा इतरांच्या हाती आलं आणि २००९ मध्ये ती वारली. आज मायर म्हणून आपण जे बघतो ती इतरांनी तिच्या मागे केलेली निवड आहे. ती निवड चांगली असेलही, पण तिला कुणी कधी विचारलं नाही की या पट्टीतली कुठली फ्रेम तुला हवी होती. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं ते कीर्ती उशिरा मिळाली म्हणून नाही. बारा चौकोनांवर बोट ठेवून तिच्याशी बोलणारं कुणीच भेटलं नाही, म्हणून वाटतं.

दुसरा आक्षेप फोटोतल्या माणसांच्या बाजूनं येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. फसलेल्या फ्रेममध्ये माझं फक्त तंत्र फसलेलं नसतं. समोरच्या बाईचा पदर सरकलेला असतो, म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलेलं असतं, मूल रडत असतं. त्या माणसानं एका चांगल्या फोटोला होकार दिला होता, बारांना नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच पूर्ण रोल सर्वांसाठी उघडा टाकावा असं मी कधीच म्हणणार नाही. अपोलोची गोष्ट वेगळी, ते सरकारी काम होतं. आपला रोल टेबलाभोवतीच्या चार-पाच माणसांसाठी. तो कागद हातोहात जावा आणि परत मालकाकडे यावा. आणि शीटवर ज्यांचे चेहरे आहेत त्यांनाही ती दाखवावी, असं मला आग्रहानं वाटतं. ज्यांचे फोटो काढले त्यांनीच कुठली फ्रेम निवडली असती हे विचारून पाहावं. उत्तर ऐकून बरेच फोटोग्राफर गप्प होतील.

प्रत्यक्ष हे कसं होतं ते थोडं सांगतो, कारण नुसतं तत्त्व सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही. आमच्या ओळखीच्या मंडळींत एक साधा नियम आहे. ज्याचा रोल, त्यानं पहिली काही मिनिटं तोंड उघडायचं नाही. कॅमेरा कुठला, फिल्म कुठली, कितीला घेतली, हे शेवटी. कागद मधे ठेवायचा, एक भिंग, एक लाल पेन्सिल, आणि पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या, चौकट लहान-मोठी करून बघायला. एकदा एकानं वसईकडच्या मिठागराचा रोल आणला. पहिल्या चार फ्रेम्स म्हणजे क्षितिज, मिठाचे ढीग, आकाश, सगळं जागच्या जागी. पाचवीत दूरवर कामकरी बाई. सहावीत ती जवळ, पाठमोरी. सातवीत तिनं वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आहे, आणि आठवीपासून फोटोग्राफर पुन्हा क्षितिजाकडे गेला आहे. त्यानं स्वतः निवडून मोठी केलेली प्रिंट दुसऱ्या फ्रेमची होती, सलोनला शोभेल अशी. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बराच वेळ शीट बघत होते. ते म्हणाले, “अहो, सातवीनंतर तुम्ही तिथून निघूनच गेलात.” त्याला तोवर ते लक्षातही आलं नव्हतं. बाईनं पाहिलं आणि तो संकोचून मागे फिरला. पुढची सगळी चर्चा त्या संकोचावर झाली. अनोळखी माणसाच्या नजरेला उत्तर कसं द्यायचं, आधी बोलावं की आधी फोटो काढावा, रोलीफ्लेक्ससारखा कॅमेरा कमरेशी धरून मान खाली घातली की समोरच्याला तो कमी आक्रमक वाटतो का. सुटी दुसरी फ्रेम पाठवली असती तर आम्ही तिच्या ढगांचं कौतुक करून मोकळे झालो असतो.

एक शंका उरते ती डिजिटल मीडियम फॉरमॅटवाल्यांची. हासेलब्लाडनं २०१६ मध्ये आणि फूजीफिल्मनं २०१७ मध्ये आणलेल्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा आहे. याला मीडियम फॉरमॅट म्हणावं का, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. क्षेत्रफळानं तो ३५ मिलिमीटरच्या पावणेदोनपटही नाही, हे खरं. पण या वादात मला रस नाही. त्या कॅमेऱ्यांचा माझ्या मुद्द्याशी संबंध एवढाच, की तिथे बारावर थांबवणारं काही नाही. तिथे थांबणं स्वतः ठरवावं लागेल. एका ठिकाणचे, एका दिवसाचे, सलग काढलेले बारा फोटो, मधले न गाळता, एका कागदावर. गाळण्याचा मोह फार होतो, आणि गाळलं की सगळा खटाटोप वाया जातो.

डार्करूम नाही ही सबब आता चालत नाही. फ्लॅटबेड स्कॅनरचं झाकण निगेटिव्ह स्कॅन करणारं असेल आणि उजेडाची पट्टी पुरेशी मोठी असेल तर चारही पट्ट्या एकदम काचेवर मावतात. नसेल तर एकेक पट्टी स्कॅन करून जोडायची. तीही सोय नसेल तर पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर पट्ट्या मांडून वरून फोनवर फोटो काढायचा आणि रंग उलटे करायचे. शीट वाचायला तेवढा पुरतो. मग कोपऱ्यावरच्या डिजिटल लॅबमधून आठ बाय दहाची प्रिंट काढून घ्यायची. हौशी मंडळींना धुलाई करून देणाऱ्या बहुतेक लॅब आज सुट्या फायलींची लिंक पाठवतात. एकेका फायलीला आपोआप उजेड आणि रंग सुधारून दिलेला असतो, म्हणजे कुठल्या फ्रेमला आपण उजेड कमी दिला होता हेही झाकलं जातं. रोल देतानाच सांगावं की सगळ्या फ्रेम्स एकाच मापानं, काहीही न सुधारता, एका शीटवर हव्यात. आधी थोडी कुरकुर होईल. चार जणांनी मागितलं की दरपत्रकात ती ओळ येईल. निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नये, आणि शीटच्या मागे तारीख, ठिकाण आणि फोटोतल्या माणसांची नावं पेन्सिलीनं लिहून ठेवावीत.